इंजिनिअरिंगच्या पुस्तकातले जयकर कोण? रस्त्यांना पैसा मिळवून देणारा बॅरिस्टर आणि यवतमाळमधला ताशी ३० चा प्रश्न

सिव्हिल इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा: जयकर समिती कधीची? उत्तर येईल, १९२७. पाठोपाठ पुढचे आकडेही येतील. १९२९ रस्ते निधी, १९३४ इंडियन रोड्स काँग्रेस, १९४३ नागपूर योजना. दोन गुणांचा हा प्रश्न आम्हीही पाठ करून गेलो होतो. पण हे जयकर कोण, हे वर्गात कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. बहुतेकांना वाटायचं, कुणी मोठे इंजिनिअर असतील.

ते इंजिनिअर नव्हते. मुकुंद रामराव जयकर हे मुंबईचे बॅरिस्टर होते. आज शहरातली वेगमर्यादा कमी करून अपघाती मृत्यू कमी करण्याची चर्चा जगभर सुरू आहे. आपल्याकडे ही चर्चा कुठे अडली आहे, हे समजून घ्यायचं असेल तर जयकरांच्या आयुष्याची गोष्ट उपयोगी पडते.

थोडक्यात काय?

• रस्ता हा साऱ्या देशाचा विषय आहे आणि त्याचा खर्च पेट्रोलवरच्या करातून निघावा, ही दिशा जयकर समितीने दिली.
• त्यातून निधी आला, संस्था आल्या, रस्ते आले.
• गावातून वाहन किती वेगाने जावं, हे ठरवण्याचा अधिकार कायद्याने राज्याकडे आणि राज्य नेमेल त्या यंत्रणेकडे आहे. तो १९३९ पासून आहे.
• यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, उमरखेडच्या बाजारपेठेत ताशी ३० ची मर्यादा लावायला नवा कायदा लागत नाही.

कोण होते जयकर?

जन्म १३ नोव्हेंबर १८७३, मुंबईत. पाठारे प्रभू कुटुंब. शिक्षण मुंबईत, नंतर लंडनमध्ये. १९०५ साली बॅरिस्टर झाले आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. पुढे होमरूल चळवळीत आले. जालियनवाला बाग हत्याकांडाची चौकशी करण्यासाठी काँग्रेसने जी समिती नेमली, तिच्यात गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी यांच्यासोबत जयकर होते. १९२३ साली स्वराज पक्षातर्फे ते मुंबई विधान परिषदेत गेले.

इथून त्यांचा रस्ता यवतमाळला येऊन मिळतो. सरकारला सगळीकडे अडवायचं, की जिथे लोकांचं हित होईल तिथे सत्तेत शिरून काम करायचं, यावर स्वराज पक्षात फूट पडली. दुसऱ्या मताच्या नेत्यांनी प्रतिसहकार पक्ष काढला. त्यात पुण्याचे न. चिं. केळकर, नागपूरचे डॉ. मुंजे, मुंबईचे जयकर होते आणि मूळचे वणीचे, यवतमाळला वकिली करणारे लोकनायक बापूजी अणे होते. १९२६ च्या निवडणुकीनंतर जयकर दिल्लीच्या केंद्रीय कायदेमंडळात पोहोचले.

रस्त्यांची समिती कशासाठी नेमली?

पहिल्या महायुद्धानंतर देशात मोटारी आणि लॉऱ्या झपाट्याने वाढल्या. रस्ते मात्र बैलगाडीच्या काळातले होते. वऱ्हाडात कापसाने भरलेल्या गाड्या ज्या खडीच्या रस्त्याने जिनिंगला जायच्या, त्याच रस्त्यावर आता रबरी टायरची, कितीतरी वेगाने जाणारी वाहनं आली. खडी उखडायची, धूळ उडायची.

दुरुस्ती करायची कुणी, हा खरा पेच होता. १९१९ च्या सुधारणांनंतर रस्ते हा प्रांतांचा विषय झाला होता आणि बराचसा भार जिल्हा बोर्ड, तालुका बोर्ड, नगरपालिका यांच्या डोक्यावर होता. मोटार नागपूरहून निघून तीन जिल्हे ओलांडायची आणि खड्डे बुजवायचे पैसे मात्र वाटेतल्या गरीब बोर्डाने काढायचे, अशी अवस्था होती.

कायदेमंडळात ठराव झाला आणि १९२७ साली भारतीय रस्ते विकास समिती नेमली गेली. अध्यक्ष जयकर. १९२८ साली अहवाल आला. त्यातले मुद्दे आज साधे वाटतात, तेव्हा ते नवे होते:

१. रस्त्यांचा विकास स्थानिक संस्थांच्या आणि प्रांतांच्या आवाक्याबाहेर चालला आहे. हा राष्ट्रीय हिताचा विषय मानावा.
२. जो वाहन चालवतो त्याच्याकडून, म्हणजे पेट्रोलवर जादा कर लावून, पैसा उभा करावा आणि तो रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा.
३. देशभरातल्या रस्ते अभियंत्यांनी अनुभव एकमेकांना सांगावेत, मानकं ठरवावीत, यासाठी एक संस्था असावी.
४. रस्त्यांवर संशोधन व्हावं.

पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस म्हणजे आयआरसी स्थापन झाली. दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था यायला १९५२ उजाडलं. निधीचं नाव आणि कायदा नंतर बदलला, पण कल्पना तीच राहिली. आज तुम्ही यवतमाळच्या पंपावर गाडीत पेट्रोल भरता, तेव्हा त्या किमतीत रस्त्यांसाठीचा उपकर असतो. त्याचं मूळ जयकरांच्या अहवालात आहे.

त्याच माणसाची दुसरी ओळख: मध्यस्थ

रस्ते समिती हे जयकरांच्या आयुष्यातलं एक प्रकरण. त्यांची मोठी ओळख मध्यस्थ म्हणून आहे.

१९३० चा जुलै महिना पाहा. मिठाच्या सत्याग्रहाने देश पेटला होता आणि गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. १० जुलैला बापूजी अण्यांनी पुसदजवळ जंगल सत्याग्रह करून सरकारी जंगलातलं गवत कापलं आणि तुरुंगात गेले. त्याच जुलैत त्यांचे जुने सहकारी जयकर, तेजबहादूर सप्रू यांच्यासह व्हाइसरॉय आणि येरवडा यांच्यात निरोप घेऊन फिरत होते. ती बोलणी फिसकटली. पण पुढे मार्च १९३१ मध्ये गांधी-आयर्विन करार झाला, त्यामागेही सप्रू-जयकर जोडीची धडपड होती. १९३२ च्या पुणे करारावर जयकरांचीही सही आहे.

दोन्ही बाजू असं करणाऱ्याकडे संशयाने बघतात. जयकरांच्या वाट्यालाही ते आलं. जहालांना ते मवाळ वाटले, सरकारला ते पुरते आपले कधी वाटले नाहीत. १९३७ साली ते फेडरल कोर्टाचे न्यायाधीश झाले, १९३९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीवर गेले. डिसेंबर १९४६ मध्ये संविधान सभेत नेहरूंचा उद्दिष्टांचा ठराव आला, तेव्हा मुस्लिम लीग आणि संस्थानं येईपर्यंत थांबावं, अशी दुरुस्ती जयकरांनी सुचवली. सभागृहात नाराजी उमटली. थांबण्याच्या बाजूने डॉ. आंबेडकर बोलले. ठराव पुढे जानेवारी १९४७ मध्ये मंजूर झाला.

१९४८ च्या कायद्याने पुणे विद्यापीठ स्थापन झालं आणि जयकर त्याचे पहिले कुलगुरू झाले. १९५६ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळलं. तिथलं जयकर ग्रंथालय त्यांच्याच नावाचं. १० मार्च १९५९ रोजी त्यांचं निधन झालं.

मग वेगाचं काय झालं?

समितीपुढचा मुख्य प्रश्न रस्ता कसा बांधायचा आणि पैसा कुठून आणायचा, हा होता. तो सुटल्यावर गाडी त्याच रुळावर धावत राहिली. डिसेंबर १९४३ मध्ये प्रांतांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि २० वर्षांची योजना आखली. तेव्हा यवतमाळ ज्या मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, त्याची राजधानी नागपूरच होती. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतीय महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्राम मार्ग ही वर्गवारी या नागपूर योजनेतली. शेतीच्या भागातलं कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर नसावं, हे तिचं एक उद्दिष्ट.

गावाला रस्ता जोडला गेला, हे चांगलंच झालं. पण रस्ता गावापाशी थांबत नाही, गावाच्या पोटातून जातो. त्याच्या दोन्ही कडांना बाजार भरतो, शाळा उघडते, एसटी थांबते. यवतमाळ शहराचे मोठे रस्तेच पाहा: आर्णी रोड, दारव्हा रोड, धामणगाव रोड. नाव दुसऱ्या गावाचं, कारण रस्ता तिकडे नेण्यासाठी बांधलेला. आणि त्यावर रोज पायी चालणारा माणूस मात्र इथला, भाजी घ्यायला निघालेला. जिल्ह्यात हेच चित्र कळंब, आर्णी, महागाव, पांढरकवडा इथेही दिसतं. नवे महामार्ग काही ठिकाणी गावाला वळसा घालतात, पण जुना रुंद रस्ता गावातच राहतो आणि रिकामा दिसला की वाहनं अधिक जोरात जातात.

वेग आवरण्याची कल्पना कायद्यात नव्हती असं नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ७१ मध्ये प्रांतिक सरकारला वेगमर्यादा घालण्याचा अधिकार होता. आजच्या १९८८ च्या कायद्यात तोच अधिकार कलम ११२ मध्ये आहे. सार्वजनिक सुरक्षितता किंवा रस्त्याचं स्वरूप पाहून राज्य सरकार, किंवा राज्याने अधिकार दिलेली यंत्रणा, राजपत्रात अधिसूचना काढून आणि रस्त्यावर फलक लावून कमी मर्यादा ठरवू शकते. मर्यादा एक महिन्यापेक्षा जास्त ठेवायची नसेल तर राजपत्रातली अधिसूचनाही लागत नाही. म्हणजे यात्रा, पोळा, दुर्गोत्सव यांच्या गर्दीत हा उपाय लगेच वापरता येतो. यवतमाळचा दुर्गोत्सव दूरवरून लोक बघायला येतात, हे वेगळं सांगायला नको.

किल्ली खुंटीला आहे. ती काढून वापरण्याची सवय नाही.

उलट २०१८ साली केंद्राने देशभराच्या कमाल मर्यादा ठरवल्या, त्यात नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यावर कारला ताशी ७० आणि दुचाकीला ६० किमीपर्यंत मुभा होती. ती अधिसूचना २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रद्द ठरवली, तो कायद्याचा वाद वेगळा. पण शहरातल्या रस्त्याला ७० हा आकडा चालेल, असं दिल्लीला वाटलं होतं, हे लक्षात ठेवायला हवं.

३० आणि ६० मध्ये नेमका फरक किती?

इथे जयकरांच्या शिफारशीतून जन्मलेली आयआरसीच मदतीला येते. चालकाला अडथळा दिसल्यापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंत किती अंतर लागतं, याचा तक्ता तिने दिला आहे. रस्ते आखताना अभियंते तोच वापरतात.

• ताशी ३० किमी: ३० मीटर
• ताशी ४० किमी: ४५ मीटर
• ताशी ५० किमी: ६० मीटर
• ताशी ६० किमी: ८० मीटर

यात चालकाला भानावर येऊन ब्रेक दाबायला अडीच सेकंद धरले आहेत. हिशेब सावध आहे, एखादा चपळ चालक याहून लवकर थांबेल. पण फरक बघा. शाळेसमोर एक मूल ३० मीटरवर रस्त्यात आलं. ताशी ३० ने येणारी गाडी त्याच्या अलीकडे थांबते. ताशी ६० ने येणारी गाडी अडीच सेकंदांत जवळपास ४२ मीटर पुढे जाते. म्हणजे ब्रेकला पाय लागण्याआधीच ती मुलापर्यंत पोहोचलेली असते.

दुसरी गोष्ट धडकेची. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. शाळेतलं भौतिकशास्त्र आहे हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रस्त्यावरचा सरासरी वेग ताशी एका किमीने वाढला, तरी जीवघेणे अपघात ४ ते ५ टक्क्यांनी वाढतात.

देशाचे आकडे काय सांगतात?

२०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ लोक गेले. महाराष्ट्रात १५ हजार २२४. देशातल्या मृत्यूंपैकी ७१ टक्क्यांहून अधिक अतिवेगाच्या खाती नोंदले गेले. जवळपास ४५ टक्के मृत दुचाकीवरचे होते आणि जवळपास २० टक्के पायी चालणारे. या पायी चालणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी उभ्या आयुष्यात कधी वाहन चालवलंही नसेल.

जयकरांचं तत्त्व होतं, वापरेल त्याने भरावं. पैशाच्या बाबतीत ते बरोबर उतरलं. जिवाच्या बाबतीत मात्र उलटं घडतं: वेग एकाचा, किंमत दुसऱ्याची.

जगात काय झालं?

ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने १९९२ मध्येच मोठे मार्ग वगळून सगळीकडे ताशी ३० ची मर्यादा लावली. पॅरिसने २०२१ मध्ये बहुतेक रस्त्यांवर तेच केलं. फिनलंडच्या हेलसिंकी शहरात जुलै २०२४ पासून वर्षभरात रस्ते अपघातात एकही मृत्यू झाला नाही. तिथल्या निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ताशी ३० ची मर्यादा आहे. ब्रिटनमधल्या वेल्सने सप्टेंबर २०२३ मध्ये वस्तीतली मर्यादा ताशी ३० मैलांवरून २० मैलांवर, म्हणजे सुमारे ३२ किमीवर आणली. लोकांनी जोरदार विरोध केला, विरोधाच्या याचिकेवर लाखो सह्या झाल्या. पहिल्या वर्षात अशा रस्त्यांवरच्या जखमी आणि मृतांची संख्या सुमारे चौथ्या हिश्श्याने घटली.

फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही जिथे पादचारी, सायकलस्वार आणि वाहनं एकत्र वावरतात तिथे ताशी ३० ची मर्यादा असावी, असं म्हटलं आहे. भारत त्या परिषदेत सहभागी होता.

वेळ किती वाया जाईल?

हा आक्षेप रास्त आहे, म्हणून हिशेब करू. समजा शहरातून तुमचा तीन किमीचा प्रवास आहे. सलग ताशी ५० ने गेलात तर ३ मिनिटं ३६ सेकंद. ताशी ३० ने गेलात तर ६ मिनिटं. फरक २ मिनिटं २४ सेकंद. प्रत्यक्षात चौक, गुरं, ऑटो आणि वळणारी एसटी यांमुळे सलग ५० कुणालाच मिळत नाही, त्यामुळे फरक आणखी कमी भरतो.

दुसरा आक्षेप असा की फलक लावून कुणी ऐकत नाही. हेही खरं. म्हणून मर्यादेसोबत रस्त्याची रचना बदलावी लागते. गतिरोधकाचंच उदाहरण घ्या. आयआरसीच्या जुन्या मानकात गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो आणि तो ताशी २५ च्या वेगासाठी आखलेला आहे. त्यावरून या वेगाने गेलं तर कंबर मोडत नाही, जोरात गेलं तरच हादरा बसतो. आपल्याकडे अपघात झाला की गावकरी रात्रीतून डांबराचा किंवा मुरुमाचा उंचवटा टाकतात. ना पांढरे पट्टे, ना फलक. अंधारात दुचाकीवाला त्यावरच पडतो. वेग आवरण्याची गरज लोकांना कळली आहे, हे मात्र त्या उंचवट्यांवरून दिसतं.

तिसरा आक्षेप दंडाचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अतिवेगासाठी हलक्या वाहनाला कायद्यात एक ते दोन हजार रुपये दंड आहे. मजुरीवर जगणाऱ्या दुचाकीस्वाराला हा जड जातो. म्हणूनच आधी रस्ता आणि फलक, मग चलान, हा क्रम बरा.

यवतमाळमध्ये काय करता येईल?

• शाळा, रुग्णालय, बसस्थानक आणि आठवडी बाजार असलेले रस्त्यांचे तुकडे ठरवून तिथे आधी ताशी ३० लावता येईल. अख्ख्या शहरापासून सुरुवात करायची गरज नाही.
• जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीत पोलीस, परिवहन विभाग, बांधकाम विभाग एकत्र बसतात. मागणी तिथे नेता येते.
• अर्ज देताना फक्त अपघात वाढले असं लिहू नका. कोणता रस्ता, कुठून कुठपर्यंत, तिथे काय आहे, हे लिहा आणि कलम ११२ चा उल्लेख करा.
• रस्ता कुणाचा आहे ते आधी पाहा. नगरपरिषद, सार्वजनिक बांधकाम विभाग की राष्ट्रीय महामार्ग? अर्ज बहुतेकदा इथेच भरकटतो.

हा शेवटचा मुद्दा जयकरांच्या काळातलाच आहे. १९२७ मध्ये प्रश्न होता, रस्ता कुणाचा आणि खर्च कुणी करायचा. एका बॅरिस्टरने बोर्ड, प्रांत आणि केंद्र यांना एका टेबलावर आणून त्यातून वाट काढली. आज एमएच २९ ची पाटी लावलेली गाडी आणि तिच्यासमोरून रस्ता ओलांडणारी आजी यांच्यात तशीच तडजोड हवी आहे. गाडीवाल्याने दोन-अडीच मिनिटं द्यायची. आजीला पलीकडे पोहोचायला तेवढी पुरतात.